एकाच पत्त्याची दोन यंत्रे

जानेवारीतील एका सकाळी, दिल्लीचे धुके अजून विरले नव्हते तेव्हा, राजधानी परिसरातील एका भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत दोन संशोधक विद्यार्थी एका आलेखाकडे पाहत उभे होते. आलेख एका अतिवाहक पदार्थाच्या पातळ थराच्या विद्युतरोधाचा होता. रात्रभर तापमान हळूहळू उतरवत द्रवरूप हेलियमच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे ४.२ केल्विनपर्यंत, नेले होते. दर दोन सेकंदांनी एक नोंद व्हायला हवी होती. बहुतेक ठिकाणी ती झालीही होती. परंतु मधूनमधून रेषा तुटली होती. कुठे वीस सेकंदांची पोकळी, कुठे चार मिनिटांची. ज्या तापमानाला रोध शून्याकडे कोसळायला हवा होता, नेमक्या त्याच जागी सर्वांत मोठी पोकळी होती. हेलियम संपले होते आणि पुढची पाळी तीन आठवड्यांनी येणार होती.

मोजमाप तिचे होते. ती नागपूरची, प्रबंधाच्या शेवटच्या वर्षात असलेली. तो साताऱ्याकडचा, दीड वर्षापूर्वी दिल्लीत आलेला. पहिल्या हिवाळ्यात त्याला खोली शोधून देणारी, तापात मुगाची खिचडी आणून देणारी तीच. म्हणून तो तिला ताई म्हणे. तारा तपासून झाल्या, तापमाननियंत्रक तपासून झाला, सर्व ठीक होते. दुपारी आपल्या टेबलाशी परतल्यावर त्याला एक शंका आली, त्याने दोन नोंदी ताडून पाहिल्या आणि त्या पोकळ्या आपल्यामुळे पडल्या हे त्याला कळले. पुढचे दोन दिवस त्याने ते कोणालाही सांगितले नाही.

प्रकरणाची सुरुवात ऑक्टोबरमध्ये झाली होती. क्ष-किरण विवर्तनाच्या नोंदींचे विश्लेषण करणारे सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतील एका जुन्या संगणकावर होते. विंडोज एक्सपीवर चालणारा तो संगणक. त्या कार्यप्रणालीला मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबला होता, पण आंतरजालाला न जोडलेल्या प्रयोगशाळेच्या अंतर्गत जाळ्यात ते यंत्र निमूटपणे काम करीत राहिले. एके दिवशी मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले आणि ते बंद पडले. हार्ड डिस्क शाबूत होती. अडचण परवान्याची होती. गटाने पैसे मोजून घेतलेला कायमचा परवाना त्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाच्या पत्त्याला बांधलेला होता. दुसऱ्या संगणकावर तेच सॉफ्टवेअर उघडले की, हे ते यंत्र नव्हे, असे सांगून ते मिटून जाई. त्याच्या चार महिन्यांच्या नोंदी त्याच्या मागे अडकल्या होत्या.

नेटवर्क कार्डाचा हा पत्ता, ज्याला मॅक पत्ता म्हणतात, तो ४८ बिटांचा असतो. त्यामागच्या विचारात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. योगेन दलाल हे पवईच्या आयआयटीचे १९७२ चे विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर. स्टॅनफर्डमध्ये असताना, डिसेंबर १९७४ मध्ये, व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्यासह त्यांनी टीसीपीचा पहिला तपशीलवार आराखडा लिहिला. पुढे ते झेरॉक्समध्ये गेले. तेथील प्रायोगिक इथरनेटमध्ये पत्त्यासाठी केवळ ८ बिट होते, म्हणजे एका जाळ्यात २५६ क्रमांक. एका इमारतीला ते पुरत. पण यंत्र एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात नेले की क्रमांकांचा घोळ होई. १९८१ साली दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी ४८ बिटांच्या निरपेक्ष क्रमांकांची बाजू मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. यंत्र जगात कुठेही न्या, त्याचा क्रमांक तोच राहील आणि तो दुसऱ्या कोणाचा नसेल, अशी ती कल्पना होती. ४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी पत्ते मावतात. पहिले २४ बिट उत्पादकाला नेमून दिले जातात. हे वाटप आज आयईईई ही संस्था करते. उरलेल्या २४ बिटांत उत्पादक आपल्या एकेका कार्डाला क्रमांक देतो. असा एक गट सुमारे १ कोटी ६७ लाख कार्डांना पुरतो.

या पत्त्याचे काम जाळ्यातील एका यंत्राला दुसऱ्यापासून वेगळे ओळखणे, एवढेच होते. आपण खरे कोण आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर कधीच टाकलेली नव्हती. परवान्यांच्या कुलपासाठी त्याचा उपयोग नंतर सुरू झाला, कारण प्रत्येक संगणकात आयता असलेला अद्वितीय क्रमांक तोच होता.

व्हर्च्युअल मशीन त्याला परके नव्हते. एमएस्सीला असताना त्याने सर्नच्या सीएमएस प्रयोगाची खुली विदा हाताळली होती. या प्रयोगात दिल्ली विद्यापीठाचाही सहभाग आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये सीएमएसने २०१० सालच्या टकरींची विदा प्रथमच सर्वांसाठी खुली केली, तेव्हा तिच्यासोबत एक व्हर्च्युअल मशीनही दिले. कारण साधे होते. विदा नुसती जपून भागत नाही. ती वाचणारे सॉफ्टवेअर आणि ते सॉफ्टवेअर ज्यावर चालते ती जुनी कार्यप्रणाली, हे सारेच जपावे लागते. एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक हे काम करू शकतो. ही कल्पना १९६० च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिजमधील संशोधन केंद्रात प्रत्यक्षात आली आणि १९९९ पासून घरच्या मेजावरच्या संगणकांवरही पोहोचली. आतल्या संगणकाला प्रोसेसर, स्मृती, डिस्क आणि नेटवर्क कार्ड असते. मात्र ते कार्ड धातूचे नसल्यामुळे त्याचा पत्ता म्हणजे एका फाइलमधील बारा अक्षरे असतात. व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर त्यांची सुरुवात ०८-००-२७ अशी करते आणि पुढची सहा अक्षरे स्वतः ठरवते. वापरणाऱ्याला हवे तर ती बाराही अक्षरे बदलता येतात.

त्याने जुनी डिस्क काढून तिची प्रतिमा तयार केली, आपल्या संगणकात व्हर्च्युअल मशीन उभे केले आणि पत्त्याच्या चौकटीत मृत संगणकाच्या कार्डावर छापलेली बारा अक्षरे टंकली. अर्धा मिनिटही लागला नाही. सॉफ्टवेअर उघडले. त्या रात्री वसतिगृहाकडे परतताना तो खुशीत होता. पैसे गटाने मोजलेले, वापरणारा गट तोच, यंत्र तेवढे बदललेले. यात सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटले नाही. मार्गदर्शकांनी विचारले तेव्हा, जुने सॉफ्टवेअर चालू केले आहे, एवढेच तो म्हणाला. आपल्या नोंदवहीत त्याने ते लिहिले नाही.

डिसेंबरात तो गावी गेला असताना प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञांनी मृत संगणक नेहरू प्लेसला नेला. दिल्लीच्या त्या बाजारात बंद पडलेला मदरबोर्ड सहजासहजी फेकून देत नाहीत. दुकानदाराने फुगलेले कपॅसिटर काढून नवे डाकले आणि संगणक सुरू करून दिला. नेटवर्क कार्ड स्वतंत्र खाचेत बसवलेले होते. ते जसे होते तसेच परत आले. जुने यंत्र पुन्हा चालू झाले म्हणून ताईने ते क्रायोस्टॅटशेजारी नोंदी घेण्यासाठी लावले. त्याला हे कोणी मुद्दाम कळवले नाही, कारण कळवण्याचे कारण आहे हे कोणाला ठाऊकच नव्हते. जानेवारीत परतल्यावर त्याने विवर्तनाच्या शंभरेक फाइली रात्रभर चालणाऱ्या विश्लेषणाला लावल्या. व्हर्च्युअल मशीन त्या फाइली सामायिक संगणकावरून ओढून घेता याव्यात म्हणून थेट प्रयोगशाळेच्या जाळ्याला जोडलेले होते. त्या रात्री एका जाळ्यात एकाच पत्त्याची दोन यंत्रे जागी होती.

नेटवर्क स्विच माणसांप्रमाणे चेहरे लक्षात ठेवत नाही. कोणत्या खाचेतून कोणत्या पत्त्याचा निरोप आला याची तो यादी ठेवतो, आणि त्या पत्त्यासाठी पुढे काही आले की शेवटी ज्या खाचेतून तो पत्ता बोलला तिकडे ते पाठवतो. एकच पत्ता दोन खाचांतून बोलू लागला की यादीतील नोंद सारखी इकडून तिकडे होत राहते. त्या रात्री जुना संगणक दर दोन सेकंदांनी मोजयंत्राला प्रश्न विचारत होता. मध्येच व्हर्च्युअल मशीनने फाइल मागवली की मोजयंत्राचे उत्तर त्याच्याकडे जाई. ज्या संभाषणाशी आपला संबंध नाही त्याचे उत्तर आल्यावर कोणतीही कार्यप्रणाली जे करते तेच त्याने केले: संभाषण तोडण्याचा निरोप मोजयंत्राला धाडला. जुन्या संगणकावरील नोंदीचा प्रोग्राम मग थांबे, वाट पाही, पुन्हा जोडणी करी. तेवढ्या वेळाची पोकळी आलेखात उरे. एरवी दोन यंत्रांना एकच आयपी पत्ता मिळाला तर पडद्यावर इशारा उमटतो, कारण त्या आयपी पत्त्यामागे दोन निरनिराळे मॅक पत्ते दिसतात. येथे दोन्ही पत्ते सारखेच होते. जाळ्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नव्हते.

फाइली उघडल्याच्या वेळा आणि पोकळ्यांच्या वेळा त्याने शेजारी शेजारी लिहिल्या, तेव्हा त्या सेकंदांपर्यंत जुळल्या. पुढच्या दोन दिवसांत त्याने बरेच वाचले. सत्य शोधण्यासाठी वाचत आहोत असे तो स्वतःला सांगत होता. खरे तर तो आपल्या बाजूचे साक्षीदार गोळा करत होता. साक्षीदार भरपूर मिळाले.

पत्ता बदलण्याची मुभा मूळ मानकातच आहे. पत्त्याच्या पहिल्या आठ बिटांपैकी शेवटून दुसरा बिट १ असेल, तर तो पत्ता उत्पादकाने दिलेला नसून स्थानिक पातळीवर ठरवलेला आहे, असे समजायचे. म्हणजे पत्त्याचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असले की तो उघडपणे स्थानिक असतो. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनचे पत्ते ५२-५४-०० असे सुरू होतात ते याच रीतीने.

मोबाइलही आता पत्ते बदलतात. वायफाय शोधताना फोन आपला कायमचा पत्ता हवेत पसरवत असे आणि बाजारात, स्थानकावर माणूस कुठे कुठे फिरला हे त्यावरून टिपता येई. २०१४ साली आयओएस ८ ने शोधाच्या वेळी यादृच्छिक पत्ता वापरण्यास सुरुवात केली. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून जोडणीसाठीही असा पत्ता वापरणे ही नेहमीची रीत झाली. दोन्हींच्या मधल्या काळात, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, दिल्लीतच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला होता. पत्ता बदलणे हे लबाडीचे लक्षण असते, तर कोट्यवधी फोन रोज लबाडी करत आहेत असे म्हणावे लागले असते.

कायद्याचेही त्याने पाहिले. मोबाइलचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक बदलण्यास २०१७ च्या नियमांनी स्पष्ट मनाई केली होती. आपल्याच व्हर्च्युअल मशीनचा मॅक पत्ता बदलण्याला तशी सरसकट मनाई त्याला आढळली नाही. मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ सी वाचताना तो थबकला. दुसऱ्याचे विशिष्ट ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरणे हा तेथे गुन्हा आहे. तेथे दुसरी व्यक्ती अभिप्रेत आहे आणि आपण कोणा व्यक्तीचे काही वापरलेले नाही, असे म्हणून तो पुढे जाऊ शकला असता. पण ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द त्याच्या मागे राहिला.

शेवटी त्याच्या हाती आला तो सर्ट-इन या दिल्लीस्थित संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश. संगणकीय यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात, आभासी सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवावी, आणि सर्व यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत, असे त्यात सांगितले आहे. या आदेशावर, विशेषतः खासगीपणाच्या अंगाने, टीकाही झाली होती. त्याचे लक्ष मात्र घड्याळांच्या कलमाकडे गेले. भारतीय प्रमाणवेळ राखणारी सिझियमची आण्विक घड्याळे ज्या प्रयोगशाळेत आहेत, ती दिल्लीत पुसा भागात, त्याच्या नेहमीच्या बसच्या वाटेपासून फार दूर नव्हती. क्रमांक बदलतात, यंत्रे दुसऱ्या यंत्रांच्या आत राहतात; म्हणून कोणी, काय, केव्हा केले याची नोंद ठेवायची आणि ती नोंद सर्वांच्या घड्याळाशी जुळती ठेवायची. भौतिकशास्त्राच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात शिकवतात ते हेच होते. उपकरण बदलले तर वहीत लिहा.

गोळा केलेल्या प्रत्येक साक्षीदाराचे म्हणणे खरे होते आणि त्यांतील एकही त्याच्या बाजूचा नव्हता. फोनचा यादृच्छिक पत्ता दुसऱ्या कोणाचा नसतो. स्थानिक पत्त्यातील तो बिट आपण स्थानिक असल्याचे स्वतःच सांगत असतो. त्याने घेतलेला पत्ता दुसऱ्या एका यंत्राचा होता, आणि तो घेतल्याचे कोठेही लिहिलेले नव्हते. वहीत एक ओळ असती, तर नेहरू प्लेसहून संगणक परत आला त्या दिवशी कोणीतरी ती वाचली असती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती चहाला निघाली तेव्हा तो म्हणाला, “ताई, तुमच्या नोंदी माझ्यामुळे गेल्या.”

तिने सगळे ऐकून घेतले. मध्ये फक्त एकदा विचारले, “तुला कधी कळलं?”

“परवा. आपण आलेख पाहिला त्याच दुपारी.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पत्ता घातलास त्याचं मला एवढं नाही वाटत. मीही कदाचित तेच केलं असतं. पण या दोन दिवसांत मी तापमाननियंत्रक उघडून बसले होते. तू शेजारून जात होतास.”

याला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. ती आणखी काही बोलली नाही आणि चहाही राहिला. संध्याकाळी तिने निरोप पाठवला: ‘सरांना उद्या तूच सांग. मी सोबत येते.’

मार्गदर्शक रागावले, पण थोडा वेळच. त्यांनी दोन प्रश्न विचारले. परवान्याच्या अटी काय आहेत, आणि या पद्धतीने केलेले कोणते विश्लेषण आतापर्यंत बाहेर गेले आहे? पहिल्याचे उत्तर त्याला पाठ नव्हते. दुसऱ्याचे उत्तर, सुदैवाने, काहीच नाही, असे होते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला त्यांनी त्याच्याकडूनच पत्र लिहवून घेतले. मूळ संगणक बिघडला होता, परवानगी न घेता व्हर्च्युअल मशीनवर जुना पत्ता वापरला, तो वापर आता बंद केला आहे, पुढे रीतसर काय करता येईल ते कळवावे, असा त्यातला मजकूर होता. उत्तर येईपर्यंत व्हर्च्युअल मशीन बंद राहिले. उत्तराला सहा आठवडे लागले आणि तेवढे दिवस त्याचे विश्लेषण थांबले. पाळीची वाट पाहणारी ती आणि परवान्याची वाट पाहणारा तो, अशी दोघे शेजारच्या टेबलांवर बसत.

कंपनीने अखेर जुना परवाना रद्द करून नवी परवाना-फाइल पाठवली. व्हर्च्युअल मशीनसाठी गटाने कळवलेल्या नव्या, स्थानिक पत्त्याला ती बांधलेली होती. त्या पत्त्याचे दुसरे अक्षर २ होते. व्हर्च्युअल मशीनची जोडणीही त्याने बदलली. पूर्वी ते पूल पद्धतीने थेट जाळ्यावर येत असे आणि त्याचा पत्ता स्विचला दिसे. आता ते बाहेरच्या संगणकाच्या आडून, एनएटी पद्धतीने बोलते. बाहेर जातो तो त्या संगणकाचाच पत्ता. ऑक्टोबरातच हे करता आले असते. फाइली तशाही आल्या असत्या आणि कोणाची टक्करही झाली नसती. परवान्याचा प्रश्न मात्र तेव्हाही तसाच राहिला असता.

फेब्रुवारीत तिची पाळी आली. दरम्यान कोणीतरी सुचवले होते की जुन्या आलेखातील पोकळी दोन्ही बाजूंच्या बिंदूंवरून भरून काढता येईल, घसरण कुठे असणार हे तर माहीतच आहे. तिने ते ऐकले नाही. त्या रात्री तो प्रयोगशाळेत थांबला. नोंदीचा संगणक सोडून बाकी सर्व यंत्रे जाळ्यावरून काढली होती. पहाटे चारच्या सुमारास रोध घसरू लागला. बिंदू एकामागून एक, दोन सेकंदांच्या अंतराने, एकही न गळता पडद्यावर उमटत गेले. अपेक्षित तापमानापेक्षा घसरण किंचित अलीकडे झाली. पोकळी अंदाजाने भरली असती, तर ती चुकीच्या जागी भरली गेली असती.

प्रयोगशाळेच्या दाराशी आता एक जाड वही टांगलेली असते. जाळ्यावर येणाऱ्या प्रत्येक यंत्राचे नाव, त्याचा पत्ता, तो कारखान्याचा की स्थानिक, जोडणाऱ्याची सही आणि वेळ, असे रकाने त्यात आखले आहेत. पहिल्या पानावर तीच बारा अक्षरे दोनदा लिहिलेली दिसतात. एकापुढे जुन्या संगणकाचे नाव आहे. दुसऱ्यापुढे व्हर्च्युअल मशीन असे लिहून ऑक्टोबर ते जानेवारी या तारखा टाकल्या आहेत, त्या नोंदीवर आडवी रेघ मारली आहे आणि खाली त्याची सही आहे. नवीन विद्यार्थी त्या रेघेबद्दल विचारतात. तो त्यांना खुर्ची देतो आणि सगळे सांगतो. ते दोन दिवसही गाळत नाही.